शिट्टीनंतरचा वाद

(रेडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘फुटबॉल’ म्हणालो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारणा झाली, फुटबॉलवर नेमकं काय बोलणार? मी म्हटलं, खेळावर कमी, खेळावरून भांडणाऱ्यांवर जास्त. त्यावर ते मोकळेपणी हसले आणि म्हणाले, मग या, ऐकायला माणसं कमी पडणार नाहीत.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी मुलांना वाद घालायला शिकवलं. वाद टाळायला शिकवणारे शिक्षक पुष्कळ असतात, तो नीट घालायला शिकवणारे थोडे. म्हणून हा विषय त्यांना परका वाटला नसता असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल, रेडीत फुटबॉल कुठला? आपल्याकडे मळ्यात भात कापून झालं की क्रिकेटच्या स्टंपा उभ्या राहतात. हे खरं आहे. पण रेडीची जागा बघा. दक्षिणेला तेरेखोल, तिथून फेरीबोटीत बसलं की पलीकडे केरी, आणि तिथून पुढे सगळा गोवा. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यांनी फुटबॉल आणला असं गोव्यात सांगतात. तेव्हापासून तो चेंडू थांबलेला नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, वास्को ही नावं आपल्या वडीलधाऱ्यांनाही माहीत होती, कारण त्यातले कितीतरी जण गोव्यात नोकरीला होते. घाट चढून वर गेलं की कोल्हापूर. तिथं पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा मंडळांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि सामन्याच्या दिवशी अख्ख्या पेठा स्टेडियमकडे निघतात. तिसरी दिशा मुंबई. ती तर आपल्या प्रत्येक घरात आहे, चाकरमान्यांच्या रूपानं. म्हणजे मैदान गावात नसलं तरी तिन्ही बाजूंनी फुटबॉल आपल्या ओसरीवर आलेला आहे. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली आणि टीव्हीनं उरलेलं काम केलं.

याचा अर्थ काय होतो ते एका संध्याकाळच्या हकिकतीवरून सांगतो. तारीख २४ एप्रिल २०२४. काजूचे दिवस. माझ्या ओळखीच्या एका घरात दोन भाऊ टीव्हीसमोर बसले होते. थोरला मुंबईत नोकरीला, सुट्टीवर आलेला. धाकटा गोव्यात एका हॉटेलात कामाला. सामना फातोर्ड्यात, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, सेमीफायनलचा पहिला टप्पा. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोवा दोन–शून्य पुढे. एकोणनव्वद मिनिटं झाली तरी दोन–शून्यच. धाकट्यानं मित्रांना फोन लावायला घेतला. नव्वदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेनं एक गोल केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगनं दुसरा. आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. तीन–दोन. मुंबई जिंकली.

धाकट्याचं पहिलं वाक्य काय असेल? “इतकी मिनटां खंयसून इली? रेफरी मुंबयचोच दिसता!” थोरला म्हणाला, “अरे, दोन गोलांनी फुडे होतास मां? मगे?” दोघांचा आवाज चढत गेला. जादा वेळ किती असावा, कुठला फाऊल दिला नाही, कुठला दिला, सगळं निघालं. शेवटी आत काजू सोलत बसलेली आई बाहेर न येताच म्हणाली, “ते तीन गोल रेफरीन मारल्यान काय?”

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा अर्धा भाग त्या माउलीनं एका वाक्यात सांगून टाकला आहे. उरलेला अर्धा मी सांगतो.

चाहत्यांच्या वादात नेहमी दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. रेफरीनं काय केलं हा एक, आणि आपल्या संघानं काय केलं हा दुसरा. पहिला प्रश्न सोपा आहे, कारण रेफरी आपला कुणी नसतो. दुसरा अवघड, कारण त्याचं उत्तर आपल्याच माणसांवर येतं. हरलेल्या रात्री आपण पहिला प्रश्न उचलतो आणि दुसरा खाली ठेवतो. जिंकलेल्या रात्री दोन्ही ठेवून झोपतो. ‘आज रेफरीनं आम्हाला फुकट पेनल्टी दिली’ असं म्हणत जिंकलेला चाहता घरी परतल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

हा अप्रामाणिकपणा आहे का? पूर्णपणे नाही. अमेरिकेत १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा एक फार दांडगाईचा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी नंतर त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि म्हटलं, नियमभंग मोजा. फिल्म एकच. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या मुलांना स्वतःच्या संघाचे दिसले नाहीत. १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं दिसलं होतं. तेव्हा रेडीच्या ओसरीवरचे दोन भाऊही खरंच दोन वेगळे सामने बघत होते.

रेफरी यातून सुटतो असंही नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस प्रशिक्षित रेफरींना एकाच सामन्याचं चित्रीकरण दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांच्या कानावर गर्दीचा आवाज पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाऊल दिले. विकले गेले म्हणून नव्हे; हजारो माणसं एकदम ओरडली की मनात शंका येते आणि हात जरा अडखळतो, इतकंच. म्हणजे स्टेडियममध्ये आपण जे ओरडतो त्याचा परिणाम होतो. आणि होतो म्हणूनच ओरडणाऱ्यावरही थोडी जबाबदारी येते.

मग असा चुकू शकणारा माणूस मधे उभा का केला? याचा इतिहास मजेशीर आहे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशननं पहिले नियम केले तेव्हा त्यांत रेफरी नव्हताच. सभ्य गृहस्थ खेळतात, मतभेद झाला तर दोन्ही कप्तान आपसांत मिटवतील, अशी कल्पना. ती फार दिवस टिकली नाही. मग प्रत्येक संघानं आपापला एक पंच आणायचा अशी पद्धत आली. दोन बाजूंचे दोन पंच, साहजिकच त्यांचं पटेना. त्यांचं पटलं नाही तर विचारायला मैदानाबाहेर तिसरा माणूस बसवला, तो रेफरी. १८९१ साली या तिसऱ्याला शिट्टीसह मैदानात आणलं आणि त्या दोघांना रेषेवर पाठवलं. ते लाइनमन झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. त्याआधी खेळाडूंना दाद मागावी लागे, जशी क्रिकेटमध्ये अजून मागतात. ते अपील पुढे फुटबॉलच्या नियमांतून गेलं. मैदानातून मात्र गेलं नाही. ते प्रेक्षकांनी उचललं आणि प्रेक्षक ते आजही करत आहेत.

या इतिहासातून एक गोष्ट कळते. सगळ्यांत हुशार माणूस सापडला म्हणून रेफरी आला नाही. दोन बाजूंचं कधीच पटणार नाही हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं, म्हणून तो आला. आपल्या देवळांत कौल लावतात, तसंच हे आहे. पाकळी उजवीकडे पडेल की डावीकडे, हे कुणाच्या हातात नसतं. पण विचारण्याआधी दोन्ही पक्षांनी मान डोलावलेली असते की पडेल ते मानू. कौल आपल्या मनासारखा पडला नाही म्हणून कुणी गुरवाच्या अंगावर धावून जात नाही. घरी जाऊन चार दिवस कुरकुर करतो, ती करायला मुभा आहे.

फुटबॉलच्या पाचव्या नियमात हेच आहे. खेळातल्या घटनांबाबत रेफरीचा निर्णय अंतिम. गोल झाला की नाही, सामन्याचा निकाल काय, हेही त्यात आलं. अंतिम म्हणजे बरोबर असं नियम कुठेच म्हणत नाही. माझ्या मते या खेळानं माणसाला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. निर्णय अंतिम आहे हे मान्य करायचं आणि तो चुकीचा होता असंही म्हणत राहायचं. दोन्ही एकाच वेळी, एकाच तोंडानं. पहिलं केलं नाही तर खेळ होणार नाही. दुसरं केलं नाही तर खेळ सुधारणार नाही.

२२ जून १९८६. मेक्सिकोतलं अॅझटेका स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनानं हातानं गोल केला हे जगाला माहीत आहे. ट्युनिशियाचे रेफरी अली बेनासर यांनी आपल्या बल्गेरियन लाइनमनकडे, बोगदान दोचेव यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही. गोल दिला. तो आजही गोलच आहे, अर्जेंटिना आजही दोन–एकनं जिंकलेली आहे. आणि इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं त्यावर वाद चालू आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहे. पुढे २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात गेला तेव्हा बेनासरांच्या घरी जाऊन त्यांना भेटला, सही केलेली जर्सी दिली. खेळाडूला आपला हात माहीत होता, रेफरीला आपली चूक. दोघं शांतपणे एकमेकांसमोर बसू शकले. चाहत्यांना ते अजून जमलेलं नाही.

आपल्याकडे काय होतं ते बघू. ३ मार्च २०२३, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम. बंगळूर एफसी आणि केरळ ब्लास्टर्स, प्लेऑफचा सामना. नव्वद मिनिटांत गोल नाही. अतिरिक्त वेळेत बंगळूरला फ्री किक मिळाली आणि केरळचे खेळाडू भिंत उभी करण्याआधीच सुनील छेत्रीनं चेंडू जाळ्यात टाकला. रेफरीनं गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इवान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावलं आणि संघ परत आलाच नाही. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं केरळ ब्लास्टर्सना चार कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

यात वादाला भरपूर जागा होती. फ्री किक पटकन घेता येते, त्यासाठी शिट्टीची वाट बघावीच लागते असं नाही. प्रतिस्पर्ध्यांनी ९.१५ मीटर दूर उभं राहायचं असतं, पण ते दूर गेले नसतानाही किक घ्यायची असेल तर घेणाऱ्याला ती मुभा आहे. मात्र रेफरीनं एकदा ‘थांब, शिट्टी झाल्यावर’ असं सांगितलं की थांबावंच लागतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की तसं सांगितलं होतं की नव्हतं. त्या रात्री शिरोड्याच्या नाक्यावरही माणसं यावर बोलत होती आणि त्यांच्यातल्या एका रिक्षावाल्यानं हा प्रश्न नेमका मांडला. बाकी सगळे मात्र एकाच गोष्टीवर होते: रेफरी किती रुपयांना विकला गेला. मी म्हणतो, तो रिक्षावाला चाहता होता. बाकीचे फक्त रागावलेले होते.

मैदान सोडणं हा याच्या पुढचा टप्पा. ९ डिसेंबर २०१२ला कोलकात्यात मोहन बागाननंही ईस्ट बंगालविरुद्ध तेच केलं. ओडाफाला लाल कार्ड मिळालं, गर्दीतून आलेल्या दगडानं रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर संघ उतरलाच नाही. आधी दोन वर्षांची बंदी झाली. मग ती उठली, त्या जागी दोन कोटी दंड आणि गुणांची कपात आली. आणि त्याही पलीकडचा टप्पा कोलकात्यानंच १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर पाहिला. त्याच दोन संघांचा सामना, दोन खेळाडूंना लाल कार्ड, गॅलरीत मारामारी, पळापळ, चेंगराचेंगरी. सोळा प्रेक्षक मेले. सोळा घरांतली माणसं सामना बघायला गेली आणि परत आली नाहीत. ‘रेफरी इकलो गेलो’ हे वाक्य आपण सहज बोलतो. ते पन्नास हजारांच्या गर्दीत बोललं गेलं की काय होऊ शकतं, याचा हा हिशोब आहे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. गोल कोणी मारले?

एफसी गोवाच्या चाहत्याला २० डिसेंबर २०१५ ही तारीख विचारा. फातोर्ड्यात फायनल, समोर चेन्नईयन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला आणि गोवा दोन–एक पुढे गेली. स्टेडियममध्ये माणसं रडत होती. तीन मिनिटांनी चेंडू आपल्याच गोलकीपरच्या, लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या अंगाला लागून जाळ्यात गेला. त्यानंतर जादा वेळेत मेंडोझानं तिसरा मारला. संपलं. सामन्यानंतर जे झालं ते आणखी वाईट: बाचाबाची, चेन्नईयनच्या एलानोवर पोलीस तक्रार आणि अटक, गोव्याचा बक्षीस समारंभावर बहिष्कार. क्लबला अकरा कोटींचा दंड आणि पुढच्या हंगामात पंधरा गुण वजा अशी शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली.

त्या रात्रीनंतर कट्टीमणीला गोव्यात काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. त्याच सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली होती हे किती जणांना आठवलं? आता पुढचं ऐका. २० मार्च २०२२. तेच फातोर्डा. फायनलच. हैदराबाद एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांची बरोबरी झाली, सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. हैदराबादच्या गोलात उभा असलेल्या गोलकीपरनं तीन पेनल्टी अडवल्या आणि कप हैदराबादला मिळवून दिला. तो लक्ष्मीकांत कट्टीमणी होता. सव्वासहा वर्षं तो काय करत होता? सराव. आम्ही चाहते तेवढ्या काळात काय करत होतो? २०१५ च्या फायनलमध्ये रेफरी कसा होता ते एकमेकांना सांगत होतो.

मी कुणाची थट्टा करत नाही. मला सांगायचं आहे ते असं की खेळाडूला आपल्या चुकीसह जगावंच लागतं, कारण उद्या पुन्हा गोलात उभं राहायचं असतं. चाहत्याला ती सक्ती नाही, म्हणून त्यानं ती स्वतःवर लादून घ्यायला हवी. १७ मार्च २०१९ला मुंबईत झालेल्या फायनलचंच घ्या. गोव्याच्या अहमद जाहूला अतिरिक्त वेळेत दुसरं पिवळं कार्ड मिळालं, संघ दहा जणांवर आला आणि एकशे सतराव्या मिनिटाला बंगळूरच्या राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. भेके हा मुंबईचा मराठी मुलगा. सिंधुदुर्गातल्या चाकरमान्यांना त्या गोलाचा आनंद व्हावा की दुःख, हेच कळेना! पण त्या पराभवाचं विश्लेषण करताना ‘कार्ड अन्यायाचं होतं’ इथं थांबणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारायलाच हवा. पहिलं पिवळं कार्ड आधी मिळालेलं असताना तो खेळाडू तिथं कसा आणि का गेला? आणि कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर भेके मोकळा कसा राहिला? रेफरीच्या चुकीनं सामना हातातून जाऊ शकतो हे मला मान्य आहे. पण पुष्कळदा त्याची चूक आपल्या आधीच्या चार चुकांच्या रांगेत पाचवी उभी असते.

आता थोडं रेफरीच्या जागी उभं राहून बघू. लाइनमनचं काम घ्या. ऑफसाइड ठरवायचा असतो तो पास देणाऱ्याच्या पायाला चेंडू लागतो त्या क्षणी. पास देणारा इथे, आणि ज्याला पास द्यायचा तो कधी तीस–चाळीस मीटर दूर. दोन्हीकडे एकाच क्षणी बघणं माणसाच्या डोळ्याला शक्य नाही. शिवाय पुढचा धावतोय, बचाव करणारा उलट्या दिशेनं वर येतोय. अर्ध्या सेकंदात त्यांच्यातलं अंतर दोन-तीन मीटरनं बदलतं. लाइनमन स्वतः पळतोय, आणि पाठीमागचे प्रेक्षक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. नव्वद मिनिटांत रेफरी दहा-बारा किलोमीटर धावतो. त्यातून त्याचे बहुतेक निर्णय बरोबर येतात, ही खरं तर बातमी व्हायला हवी. आपल्याकडचे बरेच रेफरी आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवार हे करतात.

मग यंत्र आणा म्हणतात. आणा. २०१० च्या विश्वचषकात लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि गोल दिला गेला नाही. त्यानंतर २०१२ साली गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. बरं झालं. तिथं चेंडू आत की बाहेर एवढाच प्रश्न असतो, यंत्र त्याचं उत्तर देतं. व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, २०१८ साली नियमांत आला. आपल्या इंडियन सुपर लीगच्या अकरा हंगामांत, २०२५ पर्यंत, तो आला नव्हता. पैशांचा प्रश्न मोठा आहे. पण आला म्हणजे वाद संपतील या भ्रमात राहू नका. ३० सप्टेंबर २०२३ला इंग्लंडमध्ये टॉटनहॅम–लिव्हरपूल सामन्यात लुईस डियाझनं गोल केला, मैदानात ऑफसाइड दिला गेला. व्हिडिओ पंचानं तपासलं, गोल योग्य होता. पण मूळ निर्णय ‘गोल’ असाच आहे असा त्यांचा समज झाला आणि ‘तपासणी पूर्ण’ म्हणून त्यांनी सांगून टाकलं. खेळ पुन्हा सुरू झाला, चूक कळली तेव्हा उशीर झालेला होता. यंत्र बरोबर होतं, माणसांचं बोलणं चुकलं. लिव्हरपूल हरलं. मात्र नंतर तिथल्या रेफरी संघटनेनं त्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवलं. हे आपण शिकण्यासारखं आहे. चूक झाली ती कशी झाली हे उघड सांगितलं की संशयाला खायला काही उरत नाही. आपल्याकडे निर्णयांचं स्पष्टीकरण क्वचित मिळतं आणि त्या रिकाम्या जागेत ‘विकला गेला’ हे वाक्य राहायला येतं.

कोल्हापूरचा उल्लेख मी सुरुवातीला केला. तिथल्या फुटबॉलप्रेमाला तोड नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठेच्या मंडळासाठी जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांशिवाय असे खेळाडू तयार होत नाहीत. त्याच प्रेक्षकांतल्या काहींच्या हुल्लडबाजीनं तिथल्या सामन्यांवर संकटही आणलेलं आहे. आपल्या संघाचा खेळ थांबावा असं एकाही चाहत्याला वाटत नाही, तरी तो थांबवायचं काम चाहतेच करतात. गोव्यातली आणि कोल्हापुरातली ही दोन्ही उदाहरणं आपल्या दाराशी आहेत. आपण दोन्हीकडून चांगलं घ्यावं.

काय घ्यावं? मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, वाद निर्णयावर करा, माणसावर करू नका. ‘तो हँडबॉल नव्हता, कारण हात अंगाला लागून होता’ हा वाद आहे. ‘तो आमच्यावर खार खाऊन आहे’ ही अफवा आहे. पुरावा असेल तर ती तक्रार म्हणून महासंघाकडे द्या, नाक्यावर नको. दुसरी, रेफरीविषयी एक वाक्य बोललात की आपल्या संघाविषयी एक बोला. एवढा साधा हिशोब पाळला तरी वादाची पातळी बदलते. आणि तिसरी, नियम वाचा. सतराच नियम आहेत. ज्या घरात पंचांग वाचलं जातं, त्या घराला ते जड जाणार नाहीत.

आणि जमलं तर याच्याही पुढे जा: शिट्टी हातात घ्या. तमिळनाडूचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात लाइनमन होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमधल्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात पंचांच्या चमूत होत्या. भारताचा पुरुष संघ विश्वचषकात अजून खेळलेला नाही, पण भारतीय पंच तिथं पोचलेले आहेत! आपल्या भागातल्या मुलामुलींनी शाळेच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभं राहायला सुरुवात करावी. प्रत्येक मंडळानं वर्षातून एकदा आपल्या सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या समर्थकाला सरावाच्या सामन्यात शिट्टी द्यावी. अर्ध्या तासात त्याला कळेल की ‘ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं’ असं आपण ज्याला म्हणतो, ते मैदानाच्या मधून दिसत नाही. त्याचं ओरडणं थांबणार नाही, थांबूही नये. पण ते जरा शहाणं होईल.

फुटबॉलपुरतंच हे बोलणं आहे असं मात्र समजू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक, जमिनीचा दावा, सोसायटीची सभा, सगळीकडे आपल्याला शेवटी कुणाचा तरी निकाल मान्य करावा लागतो आणि तो चुकला असेल तर तसं म्हणायचा हक्कही राखावा लागतो. ज्याला हरल्यावर फक्त पंचच दिसतो, तो पुन्हा हरतो. ज्याला पंच कधीच दिसत नाही, त्याला पुढच्या वेळी कुणीही लुबाडतं. दोन्ही पाहणारा माणूस घडवणं हे शाळेचं काम, आणि अशा व्याख्यानमालांचंही. रविवारच्या संध्याकाळी टीव्हीसमोर त्याचा सराव फुकटात होतो, तो वाया घालवू नये एवढंच माझं सांगणं.

संयोजकांनी मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. जादा वेळ मी घेतला आहे आणि तो किती हे ठरवायचा अधिकार अध्यक्षांचा, त्यांचा निर्णय अंतिम. आता प्रश्नोत्तरं आहेत. मी चुकलो असेन तिथं हरकत जरूर घ्या. कुठल्या वाक्यावर घेताय ते आधी सांगा, आणि आवाज मात्र खुशाल चढवा.